अठ्ठावन्नपैकी अठ्ठावन्न

नेव्हीत मी सतरा वर्षं काढली. शेवटची दोन वर्षं पश्चिम किनाऱ्यावर, गस्तीच्या एका जहाजावर. हुद्दा पेटी ऑफिसर. जहाजावर दोन जेमिनी होत्या, म्हणजे हवा भरलेल्या रबरी बोटी. त्यातली एक माझ्या ताब्यात. मी मूर्तिजापूरकडचा. पोहायला शिकलो तो विहिरीत. भरती झालो तेव्हा गावातले म्हातारे म्हणाले होते, "अरे बापा, ह्याले समुद्रात कोनं घेतलं!"

आमचं काम समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मभोवती फिरण्याचं. प्लॅटफॉर्म म्हणजे पाण्यात रोवलेल्या लोखंडी पायांवर उभा असलेला कारखाना. खाली यंत्रं, वर राहायच्या खोल्या, सगळीकडे शिड्या आणि पाइप. पंधरा दिवसांतून एकदा सिक्युरिटी चेकसाठी मी एका प्लॅटफॉर्मवर जायचो. पहिल्याच खेपेला माझ्या बोटीतल्या पोरानं दोर ढिला सोडला आणि मी ओरडलो, "काहून बे, झोपून राहिला का?" वरच्या कठड्यावरून आवाज आला, "कोनतं गाव, भाऊ?"

तो मनोहर वानखडे. वेल्डर. गाव शेंदूरजनाघाट. उंच, सडपातळ, पाय हरणासारखे. त्यानं मला वर नेलं, चहा पाजला आणि तासभर वरूडच्या बाजाराच्या गोष्टी केल्या. तिथं वऱ्हाडी ऐकायला मिळणं म्हणजे मला घरी गेल्यासारखं वाटलं. त्यानंतर प्रत्येक चेकला आमचा चहा ठरलेला.

एका रविवारी मी तिथं असताना त्यांचं ड्रिल लागलं. वेळ दहा. भोंगा वाजला की प्रत्येकानं हातातलं काम टाकून वरच्या मस्टर स्टेशनला, म्हणजे हजेरीच्या जागी यायचं. तिथं एक फळा. फळ्यावर प्रत्येकाच्या नावाचा गोल बिल्ला, एका बाजूनं लाल, दुसऱ्या बाजूनं हिरवा. आलेल्यानं आपला बिल्ला आपल्या हातानं हिरवा करायचा. फळा हिरवा झाला की सगळे सुखरूप.

मनोहरची गँग पाच जणांची. काम सगळ्यात खालच्या डेकवर. मनोहर दोन मिनिटांत धापा टाकत वर आला आणि त्यानं टपाटप पाच बिल्ले हिरवे केले. स्वतःचा आणि चौघांचे.

मी विचारलं, "अन् बाकीचे?"

"येऊन राहिले ना मागून."

आले खरे. चार मिनिटांनी, गप्पा मारत. एकाच्या हातात चहाचा ग्लास. दर गँगचा असा एक पळणारा गडी होता, ही तिथली रीतच. फळा लवकर हिरवा होई, रजिस्टरला वेळ चांगली लागे, इन्चार्ज खूश, सगळे खूश. आमच्या जहाजावर दुसऱ्याच्या नावाला कोणी ओ दिली असती तर महिनाभर डेक घासला असता. हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी मी काय केलं? हसलो. म्हणालो, "तुमचं बरं हाय लेका." थू आपल्या हसण्यावर.

घटनेच्या दिवशी आम्ही प्लॅटफॉर्मपासून सहा मैलांवर होतो. दुपारी १४.२० ला धूर दिसला. १४.२२ ला रेडिओवर मेडे, म्हणजे जीव वाचवा अशी हाक. कंप्रेसरजवळ गॅस गळून स्फोट झाला होता. १४.४८ ला आम्ही पोचलो. दोन्ही जेमिनी पाण्यात. उत्तरेची बाजू पेटलेली, वारा दक्षिणेकडून, म्हणून दक्षिणेची शिडी उघडी होती. लाइफबोटी उतरत होत्या. ज्यांना लाइफबोट मिळाली नाही ते शिडीनं खाली येत होते. मी शिडीला बोट लावायची, माणसं घ्यायची, जहाजावर टाकायची, परत फिरायचं. तीन खेपा झाल्या. बोलायला वेळ नव्हता. उष्णतेनं तोंड भाजत होतं. मनोहर दिसला नाही. मला वाटलं, असेल लाइफबोटीत.

१५.२५ ला चौथी खेप भरली आणि शिडी रिकामी झाली. माझ्या खांद्यावरच्या सेटवर प्लॅटफॉर्मचा इन्चार्ज बोलला. तो लाइफबोटीत होता. फळ्यावरचा आकडा त्यानं निघताना लिहून घेतला होता.

"वॉरशिप, मस्टर कम्प्लीट. फिफ्टी-एट ऑफ फिफ्टी-एट. ओव्हर."

लगेच आमचे कॅप्टन. "गावंडे, शिडी?"

"क्लिअर, सर."

"कन्फर्म काउंट."

आता हे नीट वाचा. कन्फर्म काउंट म्हणजे तू स्वतः मोज. माझ्या बोटीतली डोकी मोज, जहाजावर सोडलेली धर, लाइफबोटींना विचार, बेरीज कर आणि सांग. दहा मिनिटांचं काम. मी मोजलं नव्हतं. आकडा मिळाला होता, वरून गॅसची लाइन कधीही फुटेल अशी भीती होती आणि मला तिथून निघायचं होतं. खरं सांगतो, मी घाबरलो होतो.

मी म्हणालो, "काउंट करेक्ट, सर."

"सगळे मागे या. दोन मैल स्टँड ऑफ."

बोट वळवली. १५.३१ ला माझ्या पायाशी बसलेला प्लॅटफॉर्मचा कुक एकदम बोलला. "साब, मनोहर किस बोट में है?"

"का?"

"वो बोर्ड हरा करके खड़ा था. बोला, ये लोग अब तक आए नहीं. फिर नीचे गया. नीचे से ठोकने की आवाज़ आ रही थी."

"तेव्हाच बोलला काहून नाही?"

"इन्चार्ज साब ने बोला सब आ गए. मुझे लगा दूसरी बोट में होगा."

सेट उचलला. "सर, काउंट डाउटफुल. पाच माणसं आत असू शकतात. परत जायची परमिशन."

"तू कन्फर्म केलं होतंस."

"मोजलं नव्हतं, सर."

मग हुकूम आला, सगळ्या बोटी हेड काउंट करा. कॅप्टनचं बरोबर होतं. एका कुकच्या शब्दावर माणसांनी भरलेली बोट आगीत कोण पाठवेल? डोकी मोजली गेली. १५.४३ ला आकडा आला, त्रेपन्न. पाच कमी. १५.४४ ला मला परत जायचा हुकूम. माणसं जहाजावर चढवून मी पूर्ण थ्रॉटल दिला. १५.५१ ला, आम्ही अर्ध्या मैलावर असताना, गॅसची लाइन फुटली आणि खालचा डेक पाण्यात गेला. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. दोन दिवस शोध केला. तिघं सापडले. मनोहर सापडला नाही.

चौकशीत कुकनं सगळं सांगितलं. स्फोटानं खालच्या डेकचं दार वाकलं होतं, चौघं आत अडकले होते. मीही उभा राहून माझं सांगितलं. मला शिक्षा झाली नाही. इन्चार्जचा आकडा धरणं नियमात बसत होतं म्हणे. नियमात बसलं, माझ्या डोक्यात कधी बसलं नाही. मनोहरच्या तेराव्याला मी शेंदूरजनाघाटला गेलो आणि त्याच्या बायकोला, सुनंदावहिनींना एवढंच सांगितलं, की तो दुसऱ्यांसाठी परत गेला. बिल्ल्यांचं बोललो नाही. माझंही बोललो नाही.

आता मी नांदगाव पेठेत एका कापड कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. एका जागी बसवत नाही. एसटीत बसलो की माणसं मोजतो. पंगतीत वाढपी पुढं गेला की मी मोजत मागं राहतो. घरचे म्हणतात, "बसा ना जी आता गुमान." बसतो, पुन्हा उठतो.

गेल्या महिन्यात कारखान्यात आगीचं ड्रिल घेतलं. चार मिनिटांत सगळी हजेरीची कार्डं मशीनला लागली. मॅनेजरनं टाळ्या वाजवल्या. मी गेटजवळ पाहिलं तर विणकाम खात्यातली एक बाई हातात सात कार्डं घेऊन उभी. एकामागून एक लावून राहिली.

"ह्या बाकीच्या कुठी हायत?"

"येऊन राहिल्या ना साहेब, मागून."

माझं डोकं सटकलं. सगळ्यांसमोर मी असा ओरडलो की ती रडायला लागली. तिला काय ठाऊक? मी कधी कोणाला सांगितलं होतं? दरवर्षी सुरक्षा सप्ताहात मी भाषण ठोकायचो, समुद्र, आग, शौर्य, आणि जे सांगायचं तेच गिळायचो. कारण ते सांगायचं म्हणजे पहिलं बोट मनोहरच्या हाताकडं जाणार. त्याच्या बायकोला न विचारता मी ते करणार नव्हतो. आणि तिला विचारायचं तर आधी माझं सांगावं लागणार होतं.

रविवारी मोटरसायकल काढली. वहिनी संत्र्यांच्या पॅकिंगच्या शेडमध्ये काम करतात. फळं निवडताना हात थांबला नाही, मला पाहून म्हणाल्या, "भाऊजी? इतक्या वर्षांनी? बसा." मी बसलो नाही. उभ्याउभ्या सगळं सांगितलं. बिल्ले, माझं हसणं, ड्रिल, "काउंट करेक्ट". अर्ध्यात त्यांचा हात थांबला.

सगळं ऐकून त्यांनी हातातलं संत्रं खाली ठेवलं. मग विचारलं, "तो खाली गेला, तवा त्यानं आपला बिल्ला लाल कावून नाई केला?"

"त्याले वाटलं असंन, दोन मिनिटांत येतो."

"घरीबी हेच म्हने. दोन मिनिटांत आलो म्हने अन् जेवन थंडं होये." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "अन् तुमी? तुमी कावून नाई मोजलं?"

"भ्यालो होतो, वहिनी."

"हे तवाच सांगाले पायजे होतं. मी इतके वर्सं देवाले बोल लावून राहिली."

"चुकलं माह्यं."

"चुकलंच. राग हाय मले तुमचा, खोटं कायले बोलू?" त्यांनी एक संत्रं उचललं, पाहिलं, बाजूला ठेवलं. "पन सांगा लोकायले. नाव घेऊन सांगा. हात त्याचाच व्हता हेबी सांगा. अन् मंग हेबी सांगा, का त्या दिवशी बिल्ले सगळ्यायनं मोजले. मानसं त्यानं एकट्यानं मोजली."

त्यांनी मला चहा विचारला नाही. मी मागितलाही नाही.

सोमवारी नऊ वाजता पहिली पाळी मैदानात उभी केली आणि सगळं सांगितलं, नावासकट, माझ्या नावासकट. त्या बाईची सगळ्यांदेखत माफी मागितली. मग ड्रिल घेतलं. कार्डाचं मशीन बंद. नाव पुकारायचं, माणसानं स्वतः पुढं यायचं, मी तोंड पाहायचं. मैदान सोडून कोणी मागं वळला तर आधी सांगून वळायचं. एकोणीस मिनिटं लागली. मॅनेजर कुरकुरला, मी म्हटलं, लागू द्या.

पुकारा संपल्यावर मी आणखी पाच नावं घेतो. आता दर ड्रिलला घेतो. सुखदेव. कुट्टी. रफिक. मोहंती. हे चौघं खाली अडकले होते. मनोहर वानखडे, वेल्डर, शेंदूरजनाघाट. तो वर सुखरूप पोचला होता.