डोझरचा पोळा

सोमवारी सकाळी माझे पती चहा पिऊन डोझरला ग्रीस मारायला गेले. दुपारी गावातल्या माणसांनी त्यांना उचलून घरी आणलं. सावंगीच्या दवाखान्यात नेलं, पण ते वाटेतच गेले होते.

आमचं गाव वडनेरच्या बाजूला आहे. मी शाळेत मराठी शिकवत होते. ते डोझर चालवायचे: शेतं सपाट करायची, बांध घालायचे, शेततळी खोदायची. आमचा डोझर मध्यम आकाराचा, जुना, समोर लोखंडी पातं असलेला आणि चेनवर चालणारा. मुलाच्या सोयरिकीच्या वेळी मुलीच्या मामांनी विचारलं होतं, "घरी चारचाकी आहे का?" हे म्हणाले, "गाडी आहे, पन तिले चाक एकबी नाई." ती सोयरीक पुढे गेली नाही.

त्यांना माझ्या पुस्तकांचा राग नव्हता, उपयोग होता. एकदा मी दिवाळी अंक शोधत होते, तर तो डोझरच्या सीटखाली सापडला. अर्ध्या पानांवर ग्रीसचे पंजे. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "आधी वाचला, मंग हात पुसले. कथा लय कोरडी होती, चांगलं शोषून घेतलं तिनं." मी दोन दिवस बोलले नाही. त्यांच्या ते लक्षात आलं नाही, कारण त्या दोन दिवसांत ते चेनमध्ये अडकलेली काळी माती लोखंडी सब्बलीने टोचून काढत होते. आमची माती ओली असताना लोण्यासारखी चिकटते आणि वाळली की दगड होते. तशीच राहू दिली तर चेन आणि रोलर झिजून जातात. घरातल्या कपाटावरची धूळ मात्र त्यांच्या मते कोणालाच झिजवत नव्हती.

पण आमच्यातलं खरं भांडण टायरांवरून होतं. फाटकाशी जुन्या टायरांचा ढीग असायचा. त्यात पाणी साचे, डास होत. मी म्हणायची, फेका. ते म्हणायचे, "मंग रस्ता कसा ओलांडू? उडून?" आमचं घर डांबरी रस्त्याच्या अलीकडे आणि गाव, शेतं पलीकडे. लोखंडी चेन डांबरावरून नेली तर डांबर उखडून निघतं. म्हणून टायर दोन ओळींत आडवे टाकायचे, डोझर त्यांच्यावरून हळूहळू न्यायचा, मागचे टायर उचलून पुढे ठेवायचे. मोटारी थांबत, हॉर्न वाजवत. हे सीटवरून हात जोडून म्हणत, "चालले जी, म्हातारं मानूस आहे." डोझरबद्दल म्हणत की स्वतःबद्दल, ते मी कधी विचारलं नाही.

पोळ्याला तर हा रस्ता हमखास ओलांडला जायचा. आमच्याकडे बैल नव्हते, म्हणून ते डोझरचा पोळा करत. आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना लावतात तशी तूप-हळद त्याला लावत आणि रीतीप्रमाणे सांगत, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." मग पात्यावर माझी जुनी साडी झूल म्हणून टाकत. कोणती साडी, ते मला पोळ्याच्या दिवशीच कळे. गावातले बैल ज्या तोरणाखाली जमतात, त्या तोरणापासून डोझर लांब, सगळ्यांच्या शेवटी उभा राही, बैल बुजू नयेत म्हणून. नैवेद्याची पुरणपोळी सीटवर ठेवली जाई. डोझरला तोंड नाही, म्हणून त्याच्या वतीने ती हे खात.

ते गेल्यावर मुलगा पुण्याहून आला आणि त्याने फार मन लावून घर आवरलं. डासांचं कारण सांगून सगळे टायर गावात वाटून टाकले. मी इतकी वर्षं मागत होते तेच झालं, आणि मला फाटकाकडे बघवेना. मग त्याने हिंगणघाटच्या भंगारवाल्याशी बोलणं केलं. भंगारवाला गॅसने कापून डोझरचे तुकडे नेणार होता. मी हो म्हटलं. फक्त म्हटलं, पोळा होऊ दे.

पण घरात दुःख झालेल्या वर्षी सण कसा करायचा? यावर माझ्या मोठ्या नणंदेचा शब्द शेवटचा असतो. त्या पोळ्याच्या आदल्या दिवशी आल्या, पदरात तुपाची वाटी घेऊन. मी विचारलं, "वन्सं, यंदा चालेल?"

"मानसाईचा सन नाई करत आपन. हा जनावराचा आहे. त्याले काऊन उपाशी ठेवता?" असं म्हणून त्यांनी डोझरला फेरी मारली, पुन्हा मारली, आणि वैतागून विचारलं, "वहिनी, याचा खांदा कोन्ता वं?"

मी पात्याचा दांडा मशीनला जोडतात तो सांधा दाखवला. त्यांनी हळद लावली आणि म्हणाल्या, "माह्या भावासारखाच हाडकुळा आहे."

दुसऱ्या दिवशी यांच्या एका जुन्या मित्राने, तेही डोझर चालवतात, इंजिन सुरू केलं. फाटकापर्यंत आले आणि थांबले. समोर डांबरी रस्ता, आणि टायर एकही नाही.

"कोनाकडे गेले टायर?" त्यांनी विचारलं.

मुलगा खाली बघत म्हणाला, "सगळ्यांकडे."

तेव्हा मी पहिल्यांदा गावाच्या पत्र्यांकडे नीट बघितलं. वाऱ्याने उडू नयेत म्हणून घरोघरच्या पत्र्यांवर आमचेच टायर ठेवलेले होते. मुलगा घरोघर गेला. कोणी शिडी लावली, कोणी काठीने ढकलून पाडले. एक म्हातारी ओरडली, "पत्रा उडाला तं तुह्या घरी झोपाले येईन!" टायर रस्त्यावरून गडगडत आले. भंगारवाला मशीन बघायला नेमका त्याच दिवशी आला होता. त्याच्याही हातात कोणीतरी टायर दिला, आणि त्याने तो मुकाट्याने चेनपुढे ठेवला. मागचा उचल, पुढे ठेव. मुलाचा पुण्याचा शर्ट काळा झाला. मोटारी थांबल्या, हॉर्न वाजले. सीटवरून हात जोडणारं कोणी नव्हतं, म्हणून मी रस्त्यात उभं राहून हात जोडले.

डोझर तोरणापासून लांब, शेवटी उभा राहिला. पात्यावर साडी मी स्वतः निवडून टाकली होती, चांगली. सीटवर पोळी ठेवली. मग सगळे एकमेकांकडे बघू लागले. नणंद म्हणाल्या, "खा वं. तुह्याशिवाय कोन खाईन?"

मी खाल्ली. पोळीला डिझेलचा वास होता. यांनी कधी सांगितलं नव्हतं.

जेवण झाल्यावर भंगारवाल्याने हात पुसत विचारलं, "मंग काकू, कधी येऊ न्याले?"

मी म्हटलं, "आत्ताच तर आवतण देऊन जेवू घातलंय त्याला. लगेच कसा देऊ?"

तो हसला. "मंग दिवाळीले येतो."

"या," मी म्हटलं. "चहाला."

मुलगा ऐकत होता. तो टायर गोळा करायला गेला. लोकांनी ते परत नेले नाहीत.

टायर फाटकाशी आहेत. त्यांत पाणी साचतं, ते मी ओतून देते. डोझर चिंचेखाली उभा आहे. सोमवारी सकाळी चहा पिऊन मी त्याला ग्रीस मारते.