डुक्करवाल्याचं घर

डुक्कर हा शब्द आमच्या साडभाऊंइतक्या ठिकाणी आणि त्यांच्याइतक्या मायेनं वापरणारा माणूस हिंगोली जिल्ह्यात दुसरा नाही. मी जिल्ह्याची पाहणी केलेली नाही, आणि ज्याची मोजदाद झाली नाही ते छातीठोकपणे लिहू नये असा माझा स्वभाव आहे. तरीही हे विधान मी मागे घेणार नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. वसमतला आमच्यापासून चौथं घर त्यांचं. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही, आणि लिहून उपयोगही नाही, कारण त्या नावानं त्यांना गावात कोणी ओळखत नाही. लहानथोर सगळ्यांना ते ठाऊक आहेत ते 'डुक्करवाले' म्हणून.

हे नाव जनावरावरून पडलेलं नाही, गाडीवरून पडलं. तीन चाकांची, पुढं लांबट थोबाड काढलेली, काळा धूर सोडणारी आणि चढ आला की घुरघुरणारी ती डिझेलची गाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिला डुक्कर का म्हणत हे सांगावं लागत नाही. साडभाऊंनी उभं आयुष्य वसमत ते हट्टा या रस्त्यावर डुक्कर चालवलं. कागदावर तिच्यात सहा माणसांची परवानगी होती. मी एकदा सहज मोजली तेव्हा चौदा माणसं होती, शिवाय एक बोकड. पुढं घरोघरी मोटारसायकली आल्या, नव्या रिक्षा आल्या आणि डुकरांचे दिवस संपले. बाकीच्यांनी आपापली डुकरं भंगारात दिली. साडभाऊंचं अजून अंगणात उभं आहे. टपावर दोडक्याचा वेल चढला आहे, आणि रोज सकाळी चहाच्या आधी साडभाऊ गाडीच्या नाकावरची धूळ फडक्यानं पुसतात.

ज्या शब्दानं घर चाललं तो शब्द वाईट आहे हे या माणसाला कधी पटलंच नाही. गल्लीतलं रांगतं लेकरू त्यांच्यासाठी 'डुकरू'. शाळेत जायला लागलं की त्याला बढती मिळून ते 'डुक्कर' होतं. एखादा पोरगा कष्टाळू निघाला तर साडभाऊ मान हलवून म्हणतात, "डुक्कर हाय बरं का ते. कुठं बी घाला, बाहेर निघंल." यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र त्यांच्याकडं नाही. उलट, ज्याच्याविषयी त्यांचं मत वाईट आहे त्याला ते चुकूनही डुक्कर म्हणत नाहीत. आमच्या ओळखीचा एक जण चार जणांना फसवून मोकळा झाला, तेव्हा मी रागानं म्हणालो, "काय डुक्कर माणूस आहे!" साडभाऊ मला म्हणाले, "त्याला काहून डुक्कर म्हणून राहिले, साडभाऊ? डुक्कर माणसाला चिखलातून काढतं. ह्यानं तर लोकायला चिखलात घातलं." मी शब्द मागे घेतला. दुसरा योग्य शब्द मात्र आम्हा दोघांनाही सापडला नाही.

'सुव्वर' हा शब्द ते स्वतः वापरत नाहीत आणि अंगणात कोणाला वापरूही देत नाहीत. "डुक्कर म्हणलं तर माणूस हसतो, सुव्वर म्हणलं तर कॉलर धरतो. जनावर एकच, पण बराबर न्हाई." बसस्टँडवर इतकी वर्षं काढलेल्या माणसाचा हा अनुभव आहे, म्हणून मी तो जसाच्या तसा मान्य करतो. त्यांच्या मेहुण्याचं शेत पूर्णा नदीच्या कडेला आहे, तिथं भुईमुगाच्या राखणीला बसणारी माणसं रानडुकराचं नाव घेत नाहीत. जुन्या बायका नवऱ्याचा उल्लेख करायच्या तसं नुसतं 'ते' म्हणतात. 'ते येऊन गेले', 'ते धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे होते'. साडभाऊंना हे फार आवडलं. चार दिवस ते आपल्या गाडीलाही 'ते' म्हणत होते. आणि स्वाइन फ्लूची साथ आली तेव्हा स्वाइन म्हणजे काय हे त्यांनी मला विचारून घेतलं, आणि मग त्यांना राग आला. "शिंका माणसाच्या, ताप माणसाला, आन नाव त्या गरिबाचं?"

पण सर्वांत मोठा आनंद त्यांना सत्यनारायणाच्या पूजेत झाला. गुरुजींनी संकल्प सोडायला घेतला आणि 'श्वेतवाराहकल्पे' असं म्हणाले, तशी साडभाऊंनी हातातलं पाणी तसंच धरून ठेवलं.

"थांबा, गुरुजी. वराह म्हंजे आपलं डुक्करच ना?"

"हो. विष्णूचा अवतार."

"आन कल्प म्हंजे?"

"काळ. सध्या जो चालू आहे तो."

"म्हंजे आपण सगळे राहून राहिलो तो काळच डुकराचा?"

गुरुजींनी जरा विचार केला आणि हो म्हणाले, कारण शास्त्राप्रमाणं ते खरंच होतं. तेव्हापासून गल्लीत कोणाकडंही पूजा असो, साडभाऊ वेळेवर जाऊन पुढं बसतात आणि त्या शब्दाला गुरुजी आवाज खाली घेतात की काय यावर लक्ष ठेवतात.

अक्कांना, म्हणजे माझ्या मेव्हणीला, यातलं काहीच आवडत नाही. त्यांना दोष देता येणार नाही. घरात दोन मुली. मोठीचं लग्न नात्यातच झालं, तिथं कोणाला काही सांगायची गरज पडली नाही. धाकटी वर्षा शिकली, शाळेवर लागली. तिच्यासाठी आलेलं पहिलं स्थळ चहा पिऊन गेलं आणि परत फिरकलं नाही. कारण कोणी सांगितलं नाही, पण अक्कांनी ते ठरवून टाकलं होतं. बाहेरच्या माणसाला तो शब्द ऐकल्यावर आधी जनावर दिसतं, गाडी दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. गेल्या वर्षी हट्ट्याकडून दुसरं स्थळ आलं. मुलगा शेतकी खात्यात, घर चांगलं. मध्यस्थानं रविवारचा दिवस ठरवला, आणि अक्कांनी नवऱ्याला समोर बसवलं.

"पाहुण्यासमोर तो शब्द निघाला तर बघा."

"मंग बोलू काय?"

"काहीच बोलू नका. हसा नुसतं. विचारलंच तर म्हणा, ट्रान्सपोर्टचा व्यवसाय होता."

साडभाऊंनी माझ्यासमोर दोनदा म्हणून पाहिलं. "माझा ट्रान्सपोर्टचा व्यवसाय होता." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "आन पुढं काय, साडभाऊ? त्याच्यापुढं तर काहीच न्हाई."

अक्का एवढ्यावर थांबल्या नाहीत. त्या गल्लीत घरोघर फिरल्या. रविवारी कोणी त्यांना डुक्करवाले म्हणायचं नाही; कोणी विचारलंच तर असा माणूस आमच्या गल्लीत नाही असं सांगायचं. अक्कांच्या शब्दाला गल्लीत मान आहे. सगळ्यांनी कबूल केलं.

हे साडभाऊंच्या कानावर आलं तेव्हा आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो. बराच वेळ ते दोडक्याच्या वेलाकडं बघत राहिले. "इतक्या वर्षांत ह्या नावानं मला कोणी तकलीफ दिली न्हाई," ते म्हणाले. "घरातलेच पहिले." मग लगेच म्हणाले, "पण पोरीचं भलं हाय. एक दिवस गप बसतो." वर्षा आत होती. ती दारापर्यंत येऊन परत फिरली. तिनं ऐकलं होतं हे मला दिसलं.

रविवारी साडभाऊ नव्या शर्टात खुर्चीवर बसले. घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. डुकरावर जुनी चादर टाकली होती. पाहुणे अकराला येणार होते. बारा वाजले. पोहे एकदा गार होऊन परत गरम झाले. मध्यस्थ कुठल्याशा साखरपुड्यात अडकलेला, त्याचा फोन वाजत होता पण तो उचलत नव्हता. अक्का दारापासून चुलीपर्यंत फेऱ्या मारत होत्या. एवढ्यात कोपऱ्यावरचा किराणावाला आला. चेहऱ्यावर मोठं काम उरकल्याचा आनंद.

"अक्का, काही काळजी करू नका. आले होते तिघं जण विचारत. आधी कोणाचं तरी लांबलचक नाव घेतलं. मी म्हणलं, असं नाव कधी ऐकलं न्हाई."

अक्का जागच्या जागी थांबल्या. "मंग?"

"मंग त्यातली म्हातारी म्हणली, अरे, डुक्करवाल्याचं घर कोणतं? मी साफ सांगितलं, आजी, असा कोणी ह्या गल्लीत न्हाई, कधी नव्हताच. पुढं शिंप्याला विचारलं, त्यानं बी तेच सांगितलं. पिठाच्या गिरणीवर बी तेच. गेले बिचारे बसस्टँडकडं परत."

अक्का जमिनीवर बसल्या. किराणावाल्याला काय चुकलं ते कळेना. त्यानं कबूल केल्याप्रमाणं अगदी बरोबर केलं होतं. गल्लीनं एवढा शब्द पाळल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

साडभाऊ उठले. चपला घालायचं भान राहिलं नाही. "साडभाऊ, स्कूटर काढा," एवढंच म्हणाले. वाटेत त्यांनी माझा खांदा असा धरला होता की मला हाताचं बोट न् बोट जाणवत होतं. स्टँडवर हट्ट्याकडं जाणारी बस भरून उभी होती, ड्रायव्हर चढला होता. साडभाऊ सरळ बससमोर जाऊन उभे राहिले आणि जन्मभर प्रवासी बोलावलेल्या त्या आवाजात ओरडले, "हट्ट्याच्या पाहुण्यांनो! डुक्करवाला मीच हाय! खाली उतरा!"

अख्खं स्टँड वळून बघायला लागलं. कंडक्टरनं दारातून मान काढली. "काय डुक्करवाले, आता पायी पॅसेंजर भरून राहिले का?"

मधल्या खिडकीतून एक म्हातारी डोकावली. मुलाची आजी. "ह्योच तो," ती आत कोणाला तरी म्हणाली, आणि मग साडभाऊंना, "मंग मघाशी काहून लपला व्हता रे?"

"लपलो न्हाई, मावशी. लपवला व्हता."

"कोणी?"

"पोरीच्या लग्नानं."

म्हातारी थोडा वेळ त्यांच्या अनवाणी पायांकडं बघत राहिली. "माझी कोंबडी राहिली व्हती तुज्या डुकरात. ध्यानात हाय?"

"मावशी, रोज कोणाचं ना कोणाचं काही राहायचंच."

"दुसऱ्या दिवशी फाट्यावर उभा राहून कोंबडी दिलीस. आन वरून एक अंडं दिलंस. म्हणलास, रातच्याला घातलं, तुमचंच हाय." मग ती मुलाच्या वडिलांकडं वळली, पण आवाज सगळ्या बसला ऐकू जाईल असा होता. "अंडं बी परत देणाऱ्याची लेक हाय म्हणून तर तुमाला इथवर आणलं. आन तुमी म्हणता, पत्ता खोटा. उतरा."

तिघं उतरले. कंडक्टरनं घंटी दिली.

त्यानंतर घरी जे झालं ते नेहमीसारखंच झालं. पोहे तिसऱ्यांदा गरम झाले. अक्का मान वर करत नव्हत्या. म्हातारीनं स्वतः उठून चादर ओढली, डुकराच्या थोबाडावर हात फिरवला आणि 'वाळलं रे हे' म्हणाली. मुलानं वर्षाला रिवाजाप्रमाणं विचारलं, तुम्हाला काही विचारायचं आहे का. असं विचारल्यावर मुली नाही म्हणतात. वर्षानं ट्रे खाली ठेवला.

"तुमच्या घरी माझ्या वडिलांना कोणत्या नावानं बोलावतील?"

साडभाऊ बशीतल्या चहावर फुंकर घालत होते, ते थांबले. मुलानं आजीकडं बघितलं, आजीनं काहीच खूण केली नाही. "आजी बोलावते त्याच नावानं," तो म्हणाला. "पण मी मामा म्हणेन." वर्षानं मान हलवली आणि ट्रे उचलला. साडभाऊंना एकदम काहीतरी आठवलं आणि ते वेलाला पाणी घालायला बाहेर गेले. पाणी सकाळीच घातलेलं होतं.

लग्न उन्हाळ्यात झालं आणि चांगलं झालं. पण मला आठवते ती त्या रविवारची संध्याकाळ. पाहुण्यांना बसवून द्यायला आम्ही दोघं परत स्टँडवर गेलो. या वेळी त्यांच्या पायात चपला होत्या. म्हातारीला खिडकीची जागा मिळाली. बस हलली, वळणावर गेली, दिसेनाशी झाली, तरी साडभाऊ रस्त्याकडं तोंड करून उभेच.

"ह्या रस्त्यानं लोकायच्या लई लेकी नेऊन सोडल्या, साडभाऊ," ते म्हणाले. "सणाला आणल्या, परत नेऊन सोडल्या. रडायच्या मागं बसून. मी गाडी जोरात घुरघुरवायचो, म्हंजे कोणाला ऐकू जाऊ नये." मग म्हणाले, "आता माझी बसनं जाईल. बसमंधी सगळ्यायला ऐकू येतं."

मी स्कूटर चालू केली होती. ते काही वळले नाहीत. पेट्रोल उगाच जळायला नको, म्हणून मी ती बंद केली आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.