दत्तोपंतांचा राजीनामा

दत्तोपंत दर वर्षी राजीनामा देत आणि अध्यक्षच राहत. राजेंद्र नगरातल्या त्यांच्या मराठी मंडळाच्या घटनेत अध्यक्षाला दोनच वर्षं दिली होती. पण घटना कपाटात आणि दत्तोपंत खुर्चीत. वार्षिक सभेत ते उठायचे, घसा खाकरायचे, "आता तरुणांनी यावं," म्हणायचे. लगेच तिथल्या हिंदीमिश्रित मराठीत गलका व्हायचा, "अरे भिया, तुम्ही गेलात तर मंडळ डूब जाएगा!" मग रुसलेल्या व्याह्यासारखे आढेवेढे घेत ते पुन्हा बसायचे.

त्यांची लेक ऋजुता कॉलेजात समाजशास्त्र शिकवायची. "बाबा, घटनेत काय लिहिलंय तेवढंच नाही, लोक तिचं काय करतात तेही बघायचं असतं," ती एकदा म्हणाली.

"म्हणजे लोकांनी मला ठेवलं, तोच कायदा!"

"तसं नाही म्हणाले मी."

"तसंच आहे ते."

रिटायर झाल्यापासून त्यांना 'अध्यक्षजी' म्हणणारी तेवढी एकच जागा उरली होती. घरी त्यांच्या पत्नी शुभदाताई म्हणत, "अहो, पाय उचला, पोछा लागतोय."

यंदा सभेला प्रीती आली होती, नागपूरहून नुकतीच बदलून आलेली. तिला रीत कोण सांगणार? "आता तरुणांनी यावं," दत्तोपंत म्हणाले, आणि गलका व्हायच्या आत ती उठली.

"सर, इतकी वर्षं सांभाळलंत, खूप आभार. मी तयार आहे."

दत्तोपंतांनी जुन्या मंडळींकडे पाहिलं. मंडळी पंख्याकडे बघत होती. तिला नको म्हणायचं तर कारण द्यावं लागणार, आणि कारण द्यायची कुणाला सवयच नव्हती.

"अनुमोदन?" सचिवांनी चाचरत विचारलं.

बायकांतून एक हात वर गेला. बांगड्या ओळखीच्या होत्या.

"शुभदा! तू?"

"मंडळाच्या खुर्च्या माझ्या गॅलरीत आहेत हो. कपडे कुठे वाळत घालू, तुमच्या डोक्यावर?"

सभा खदखदून हसली. दत्तोपंतांनी बायकांतच बसलेल्या लेकीकडे पाहिलं. "तुझं शास्त्र काय म्हणतंय?"

"लोकांनी रीत बदलली, बाबा." तिला हसू आवरत नव्हतं.

प्रीती मंचावर येऊन अदबीनं उभी राहिली. आता खुर्ची सोडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. दत्तोपंत खाली येऊन शुभदाताईंशेजारी टेकले, तोच पोह्यांची प्लेट हातात आली. वर शेव, जिरावन मसाल्याची चिमूट, आणि पोहे चक्क गरम; अध्यक्षांच्या वाट्याला भाषणं संपल्यावरचे गारच यायचे. त्यांनी एक घास घेतला, चावला, आणि मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"मीठ कमी आहे! प्रीतीबाई, मंडळाचा कारभार हा असा चालणार का?"