विरुद्ध बाजूचा शाहीर

कॉलेजात कविता फळ्यावर शिकवतात. कवीने समाजाला जागं करावं, असं सर सांगतात, आणि आम्ही ते उतरवून घेतो. मला मध्येच काही विचारावंसं वाटतं, पण धीर होत नाही. आमच्या घरात शिकायला बाहेर पडलेला मी पहिलाच. बाबांना सही येत नाही. ते कवी आहेत म्हणावं की होते म्हणावं, हे मला अजून ठरवता येत नाही.

आमचं गाव आखाडा बाळापूरजवळचं. बाबा शेती करून कलगीवाल्यांच्या बाजूने गात. कलगीवाले शक्तीला थोर मानतात, तुरेवाले शिवाला. औंढ्याच्या जत्रेत दोन्ही बाजू डफ घेऊन समोरासमोर बसत. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच जबाब द्यायचा. तुऱ्याचा आमच्या भागातला पक्का शाहीर म्हणजे गावात कापूस पिंजून गाद्या भरणारे पिंजारी चाचा. महादेवाची बाजू मुसलमान मांडतो, याचं कुणाला काही वाटत नसे. जत्रेत ते आणि बाबा एकमेकांची सालटी काढत आणि एकाच गाडीत बसून घरी येत.

सत्तेचाळीस साल लागलं आणि शक्ती थोर की शिव, हे कुणी विचारीनासं झालं. निजामाच्या बंदूकवाल्यांनी शेजारच्या गावातल्या कडब्याच्या गंजी पेटवल्या, माणसं मारली. पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात निजामाविरुद्ध लढणाऱ्या कार्यकर्त्यांचे तळ होते. तिथून बाबांना निरोप आला की यांच्याविरुद्ध गाणं करा. बाबांनी केलं. जो त्यांच्या बाजूचा, त्याला पाणी देऊ नका, चुलीतला विस्तवही देऊ नका, असं त्यात होतं. ते बंदूकवाल्यांसाठीच होतं. मला तरी तसंच वाटतं.

पुढच्या वर्षी फौज आली, निजामी राज्य गेलं. बंदूकवाले पळाले. मागे राहिले चाचांसारखे साधे मुसलमान. आजूबाजूच्या गावांतून धूर दिसायला लागला. कॉलेज बंद होतं, मी घरीच होतो. दिवस कलला की गावातली पोरं चाचांच्या दारासमोर उभी राहून बाबांचं गाणं म्हणत.

बाबा तिथे गेले. म्हणाले, "पोराहो, ते गाणं ह्याच्यासाठी न्हाई."

"मग कोणासाठी हाय, शाहीर? तुमीच तर केलं."

"म्या केलं म्हणूनच सांगून राहिलो."

"आता ते गावाचं झालं," एक जण हसत म्हणाला. "तुमी दुसरं करा."

बाबांनी खरंच दुसरं केलं. पिंजारी आपला आहे, त्याने आपल्या लेकीबाळींच्या गाद्या भरल्या, असं पारावर बसून गायलं. पोरांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि उठून पुन्हा चाचांच्या दारात जाऊन पहिलंच धरलं.

मग एका सकाळी बाबांनी बैलगाडी जुंपली. चाचा, चाची आणि त्यांची लहान लेक गाडीत बसली, मी मागे बसलो. हिंगोलीच्या स्टेशनावर त्यांना आगगाडीत बसवून द्यायचं होतं. बाबांनी डफ बरोबर घेतला. शाहीर ओळखून लोक वाट देतील, असं त्यांना वाटलं.

लोकांनी ओळखलं. वाटेतल्या एका गावाच्या शिवेवर काठ्या घेतलेल्या पोरांनी बैल धरले.

"राम राम, शाहीर. गाडीत कोण हाय?"

"माझा जोडीदार."

"मग म्हणू द्या की त्यालाबी आपलं गाणं. न्हाई म्हणला तर काय समजायचं ते आमी समजतो."

कलगी-तुऱ्यात विरुद्ध बाजूची रचना कुणी तोंडात घेत नाही. घेतली तर तो हरला. त्या शाहिरासमोर तो पुन्हा डफ घेऊन बसत नाही. बाबांचा हात डफावर नुसताच ठेवलेला होता.

"वाजव ना, शाहीर," चाचा म्हणाले. "काहून थांबला?"

बाबांनी वाजवलं. चाचांनी खड्या आवाजात सगळं गाणं म्हटलं, पाणी आणि विस्तवाचं कडवंसुद्धा. लेकीने चाचीच्या मांडीत तोंड खुपसलं होतं. "वा चाचा," पोरांतला एक म्हणाला, आणि त्यांनी बैल सोडले.

आम्ही स्टेशनावर पोचलो. आगगाडी आली तेव्हा बाबा म्हणाले, "जत्रेला औंढ्याला ये."

चाचा डब्यात गाठोडं सारत होते. "येऊन काय करू? हरलो न्हाई का मी तुझ्यापुढं?" म्हणाले. थोडंसं हसले. त्यांचं पुढे काय झालं, ते आम्हाला कळलं नाही.

काही दिवसांनी तालुक्याला झेंडावंदन ठरलं. शाहिरांनी येऊन ते गाणं म्हणावं, असा नव्या साहेबांचा निरोप आला. बाबा मला म्हणाले, "तू शिकलेला हायस. घसा बसला म्हणून सांग."

मी गेलो, सांगितलं. साहेब भला माणूस. त्यांनी मला चहा दिला, बाबांची तब्येत विचारली. मग म्हणाले, "हरकत नाही. गाणं सगळ्यांना पाठच आहे."

शाळेची मुलं रांगेत उभी राहिली आणि त्यांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत न चुकता म्हटलं.