श्रीखंडासाठी केलेली जागा

मी आयुष्यात फार खोटं बोलले नाही. एकदा फक्त गप्प बसले, आणि त्याची लाज अजून जात नाही.

इंदूरच्या गिरण्या एकेक करून बंद पडत होत्या, त्या वर्षांत मी कुष्ठरोगाच्या एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. तिथे एक विणकर यायचा. गिरणी सुटलेली, औषधांचा कोर्स पुरा झालेला, तरी अंगावर नवे चट्टे उठले होते. पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात त्याला मागावर घेणार होते, बोटं शाबूत राहिली तर. डॉक्टरांच्या आधी तोच आपली तपासणी उरकायचा. खिशातून सूत काढायचा, तोडायचा आणि पापणी लवायच्या आत एका हाताने जोडून दाखवायचा. "बघा ताई, हाथ एकदम बढिया आहे ना?"

डॉक्टरांनी चट्ट्यातला कातडीचा तुकडा काढला. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसत होते, पण ते जिवंत की मेलेले हे नुसतं बघून कळत नाही. हा जंतू बाटलीत वाढत नाही. उंदराच्या तळपायात टोचून महिनोन् महिने वाट बघायची. जिवंत निघाले तर औषध बदलायचं. टोचेपर्यंत तुकडा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, चार अंशांवर. बर्फात मुळीच नाही, कारण गोठले की बहुतेक जंतू मरतात. नव्या लोकांना हे मीच शिकवायचे, चांगल्या चढ्या आवाजात.

दुसऱ्या दिवशी पाडवा होता. घरी पाहुणे जेवायला यायचे होते आणि घरचा फ्रिज नेमका बिघडलेला. मल्हारगंजातून चक्का घेतला आणि पातेलं थेट प्रयोगशाळेत नेलं. या फ्रिजमध्ये खाण्याचं काही ठेवू नये, ही चिठ्ठी दारावर माझ्याच अक्षरात होती. पातेलं बसेना, म्हणून त्याच्या तुकड्याची कुपी असलेला डबा तेवढ्यापुरता बर्फाच्या कप्प्यात सरकवला. संध्याकाळी पातेलं उचललं, डबा विसरले.

सुट्टी संपवून आले तेव्हा कुपी गोठून दगड झाली होती. सांगितलं असतं तर डॉक्टर ओरडले असते, त्याला पुन्हा बोलावून दुसरा तुकडा काढला असता. एवढंच. पण श्रीखंडाचं काय सांगणार? मी कुपी खाली ठेवली, विरघळू दिली आणि उंदरांच्या खोलीत पाठवली.

पुढे बरेच महिने मी रोज त्या खोलीवरून जात होते. तेव्हाही बोलता आलं असतं. शेवटी जिवंत जंतू आढळले नाहीत असा रिपोर्ट आला आणि तो मीच टाइप केला. औषध बदललं नाही. तो सियागंजातून पावभर शेव घेऊन आला. "ताई, तुम्ही तर टेन्शनच मिटवलं." मी ती शेव खाल्ली.

वर्षभराने तो आला तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं आत वळली होती. या वेळी डॉक्टर थांबले नाहीत, त्यांनी औषध लगेच बदललं. दुसरा तुकडा चार अंशांवर नीट राहिला, आणि उंदरांच्या पायात जंतू वाढले. नव्या औषधाने चट्टे गेले. बोटं सरळ झाली नाहीत, कामही गेलं.

पहिल्या वेळी जंतू आधीच मेलेले असतील, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पटलं कधीच नाही.

डॉक्टर त्याच्यासमोर म्हणाले, "पहिला रिपोर्ट असा कसा आला, कळत नाही." मी रजिस्टरात डोकं घातलं. त्यावर तोच म्हणाला, "रिपोर्ट गलत नसणार, साहेब. ताई किती सांभाळून काम करतात, मी बघतो ना. हा आजारच बदमाश आहे."

मग सवयीने त्याने सूत काढलं. ते बोटांतून निसटून खाली पडलं. मी उचललं, त्याच्या खिशात ठेवलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.