सिद्रामअण्णांचं दुपारचं मरण

सिद्रामअण्णा दुपारी मरायचे. रविवार सोडला तर बहुतेक रोज. जेवणं उरकलेली असायची, उन्हानं रस्ता पुसून काढलेला असायचा आणि दुकानात गिऱ्हाईक औषधालाही सापडायचं नाही. अण्णा काउंटरपलीकडच्या स्टुलावर बसायचे, छातीवर हात ठेवायचे, डोळे वर फिरवायचे, एक लांब सूर लावून कण्हायचे आणि हळूहळू घसरत गुडघ्यांवर यायचे. मान खांद्यावर, जीभ किंचित बाहेर. थोडा वेळ तसेच राहून मग एक डोळा उघडून मला विचारायचे, "कशानं मेलो मी? सांग."

सांगणं मला भाग होतं, कारण त्यांना मारलेलं असायचं मीच.

कन्ना चौकाजवळच्या त्यांच्या मेडिकलमध्ये मी लागले ती 'बरं काही मिळेपर्यंत' म्हणून. कॉलेजात फार्माकॉलॉजीत वर्गात पहिली आलेली मुलगी मी. कुठलं औषध यकृतात कसं मोडतं आणि मूत्रपिंडातून कसं बाहेर पडतं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. इथं मला कुणी विचारत नव्हतं. इथं विचारायचे, "ताई, डोकं दुखायची गोळी सुट्टी मिळंल का?" दिवसभर कात्रीनं स्ट्रिपा कापायच्या, कॉम्प्युटरवर बिल करायचं, एजन्सीचा माल आला की खोक्यांवरच्या तारखा बघून फडताळात लावायचा. चार वर्षं शिकून शेवटी कात्री चांगली चालवायला आली, असं मी घरी म्हणायचे आणि आईला ते अजिबात आवडायचं नाही. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला स्वतःची कीव यायची. माझ्या मैत्रिणी पुण्यात काचेच्या इमारतींमधून फोटो टाकायच्या, आणि माझ्या मागं खोकल्याच्या बाटल्या.

अण्णांना हे न सांगता कळलं होतं. अण्णा मूळचे अक्कलकोटकडचे, घरी कानडी, दुकानात मराठी, आणि साखर पेठेतल्या विणकर बायका आल्या की मोडकीतोडकी पण खणखणीत तेलुगू. स्वतः डिप्लोमा केलेले फार्मासिस्ट. साठी उलटलेला, उंच, हाडापेरानं मजबूत माणूस. तरुणपणी हौशी नाटकमंडळीत होते. पण दिग्दर्शकानं त्यांच्यात काय पाहिलं कोण जाणे, प्रत्येक नाटकात त्यांना दुसऱ्या अंकात मारलं जायचं. "संवाद चार, मरण मोठं," ते सांगायचे. "एकदा इतकं झकास मेलो की लोकांनी वन्स मोअर दिला. परत उठून मेलो की."

मी लागून थोडेच दिवस झाले असतील. दुपारी मी काउंटरवर हनुवटी टेकून जांभया देत होते. अण्णा उठले, काउंटरची फळी उचलून गिऱ्हाइकाच्या बाजूला गेले, रुमाल डोक्याला गुंडाळला आणि पाठीत वाकले. आवाजही बदलला.

"बाई, ही कसली गोळी म्हनायची?"

त्यांनी पुढं केलेल्या कागदावर सांधेवाताची एक गोळी लिहिली होती. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर रक्तच तयार व्हायचं थांबतं, जिवावर बेततं. मला हे पाठ होतं. मी सरसावून बसले. "आजोबा, ही आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घ्यायची नाही, कळलं?"

"एकदा म्हंजे कवा?"

इथं मी माझी हुशारी दाखवली. खेड्यातल्या माणसाला वार लक्षात राहायला सोपा जावा म्हणून म्हटलं, "तुमच्या बाजाराच्या दिवशी घ्या. बाजाराला निघालात की एक गोळी."

आजोबांनी मान हलवली, गोळ्या खिशात घातल्या, फुटपाथवर एक चक्कर मारून परत आले आणि स्टुलावर बसून मेले. मी हे पहिल्यांदाच पाहत होते, त्यामुळं घाबरून उभीच राहिले.

"कशानं मेलो मी?"

मी कागद पुन्हा वाचून पाहिला.

"धंदा काय माझा, इचारलंस का?" अण्णा उठून गुडघे झटकत म्हणाले. "मी शेळ्यांचा यापारी. आज मोडनिंबचा बाजार, उद्या बार्शीचा, परवा येळापूरचा. मला रोजच बाजार असतो की. तू म्हनलीस बाजारच्या दिवशी घ्या, मी रोज घेतली."

"पण तुम्ही मान हलवलीत," मी चिडून म्हटलं.

"मान तर नंदीबैल बी हलवतो की, मॅडम."

मला ते 'मॅडम' फार लागलं. रात्री घरी गेले तरी त्या शेळ्यांच्या व्यापाऱ्यानं पिच्छा सोडला नाही.

तिथून आमचा हा खेळ सुरू झाला. अण्णा कधी रात्रपाळीचा यंत्रमाग कामगार व्हायचे आणि मी 'सकाळी नाश्त्यानंतर' म्हटलं की मरायचे, कारण सकाळी तो उपाशीपोटीच झोपायला जायचा. कधी विड्या वळणारी बाई व्हायचे, मी सांगेन त्या प्रत्येक वाक्याला तेलुगूत "सरे, सरे", म्हणजे बरं बरं, म्हणायचे आणि मरताना कळायचं की बाईला मराठीतलं ओ की ठो कळलेलं नव्हतं. एकदा तर नवी सून झाले. पदर म्हणून टॉवेल घेतला, लाजत लाजत सगळं ऐकून घेतलं आणि घरी जाऊन गोळ्या सासूच्या हवाली केल्या. सासूनं त्या स्वतःच खाऊन टाकल्या. त्या दिवशी सून आणि सासू अशी दोन मरणं त्यांनी एकाच स्टुलावर केली. हसून हसून माझ्या पोटात दुखलं.

शेजारच्या चादरीच्या दुकानातले लोक चहा घेऊन बघायला यायचे. एकदा अण्णा जीभ काढून पडलेले असतानाच खरं गिऱ्हाईक आलं, खेड्यातली एक दणकट बाई. तिनं एक आरोळी ठोकली आणि हातातली पाण्याची बाटली अण्णांच्या तोंडावर रिकामी केली. अण्णांनी एक डोळा उघडून मृतावस्थेतच विचारलं, "काय पायजे ताई?" बाई जी पळाली ती परत आलीच नाही. तिला काय पाहिजे होतं याची अण्णांना पुढं कितीतरी दिवस हुरहूर लागून राहिली.

प्रत्येक मरणानंतर अण्णांचे गुडघे ठणकायचे. काउंटरखालचा ड्रॉवर उघडायचा, आधीच उघडलेल्या स्ट्रिपमधून एक वेदनाशामक गोळी काढायची, पाण्याचा घोट घ्यायचा. घरात आपण बडीशेप खावी इतक्या सहज. मीही रोज ते बघायचे आणि त्यात बघण्यासारखं काही आहे असं मला वाटत नसे.

हळूहळू मी त्यांना जगवायला लागले. आधी माणूस विचारून घ्यायचा, मग औषध सांगायचं, मग त्यालाच विचारायचं, "आता तुम्ही मला सांगा, कशी घेणार?" अण्णांना मारण्यासारखं काही सापडलं नाही की ते स्टुलावर मांडी ठोकून म्हणायचे, "जगलो बघ." नुसता एक शब्द. पण तो ऐकला की मला विद्यापीठानं पदक दिल्यासारखं व्हायचं. आता खऱ्या गिऱ्हाइकांशीही मी तशीच बोलायला लागले होते. कंटाळा कधी गेला ते नेमकं सांगता येणार नाही.

नेमका तेव्हाच पुण्याहून मेल आला. एका मोठ्या कंपनीत औषधांच्या दुष्परिणामांचे अहवाल तपासायचं काम. शनिवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. वर्षभरापूर्वी मी नाचत गेले असते. आता मी तो मेल तीनचारदा वाचला आणि अण्णांना दाखवला.

"जा की," ते म्हणाले. "हितं काय हाय? गोळ्या आनि मी." मग थोड्या वेळानं म्हणाले, "लई चांगलं झालं." त्या दुपारी ते मेले नाहीत. दम लागतोय म्हणाले आणि लवकर घरी गेले. दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी आले ते काउंटरच्या पलीकडून. फळी उचलून आत न येता स्टुलावर बसले आणि एक कागद माझ्यासमोर ठेवला. पाठीत थोडे वाकलेले होते. मला वाटलं, आज बऱ्याच दिवसांनी नवं पात्र काढलंय. मीही रंगात येऊन म्हटलं, "या आजोबा, कुठल्या गावचे?"

"आज नाटक न्हाय पोरी. नाव बघ वरचं."

वर त्यांचंच नाव होतं. हृदयाचे ठोके अनियमित पडत होते. रक्तात गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी लिहिली होती, रोज एक. हे औषध अण्णांनी स्वतःच्या हातानं किती लोकांना दिलं असेल, किती जणांना समजावलं असेल. मी तसं म्हटलंही. "तुम्हाला काय सांगायचं अण्णा, तुम्हाला सगळं माहीत आहे."

"म्हायती हाय," ते म्हणाले. "पर डॉक्टर बोलत हुते आनि मी नुसता मान हलवत हुतो. नंदीबैलासारखी. एक अक्षर डोक्यात गेलं न्हाय. तू सांग. गिऱ्हाइकाला सांगतीस तसं."

त्यांचा चेहरा पहिल्यांदाच मला म्हातारा दिसला. मला भरून आलं, पण गिऱ्हाइकासमोर रडायचं नसतं हे त्यांनीच शिकवलं होतं. मी कागद सरळ केला. गोळी रोज एकाच वेळी. रक्ताची तपासणी चुकवायची नाही. हिरड्यांतून रक्त आलं किंवा शौचाला काळं झालं तर तसंच उठून डॉक्टरांकडं जायचं. ते ऐकत होते. मग सवयीनं माझ्या तोंडून आलं, "धंदा काय तुमचा?"

"औषधाचं दुकान," अण्णा बोलून गेले.

आणि मी थांबले. या गोळीबरोबर गुडघ्याची ती वेदनाशामक गोळी घेतली तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. दुसऱ्या कुणालाही ती मागून घ्यावी लागते, आणि मागितली तर देणारा विचारतो. या गिऱ्हाइकाला मात्र नुसता ड्रॉवर उघडायचा असतो.

"गुडघ्याची गोळी कोण देतं तुम्हाला?" मी विचारलं.

अण्णांनी काउंटरकडं बघितलं. आपण आज पलीकडं बसलोय हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं असावं. "मीच घेतो की," ते म्हणाले, एकदम हळू. "आज सकाळी बी घेतली. घरात हाय एक स्ट्रिप."

मी ड्रॉवर उघडून ती स्ट्रिप काढली आणि माझ्या पर्समध्ये टाकली. घरातलीही उद्या आणून द्यायला सांगितली. सकाळची गोळी घेतल्याचं डॉक्टरांना फोन करून सांगितलं आणि नवी गोळी कधीपासून सुरू करायची ते विचारून घेतलं. मग अण्णांना म्हटलं, "ती गोळी आजपासून बंद. आणि स्टुलावरून घसरून गुडघ्यांवर पडणंही बंद."

"म्हंजे मरायचं बी न्हाय?"

"नाही."

"हौदा?" अण्णांनी कानडीत विचारलं, खरंच का, म्हणून. एवढे मोठे नट, पण त्यांचा चेहरा असा झाला की हसावं की रडावं कळेना. मी त्यांच्याकडून सगळं परत वदवून घेतलं. त्यांनी न चुकता सांगितलं, मग स्टुलावर हात टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "जगलो बघ."

मी आत जाऊन फडताळामागं उभी राहून भरपूर रडले. शनिवारी पुण्याला 'नाही' असं कळवलं. ते मी अण्णांसाठी केलं असं आई म्हणते. तसं नाही. त्या दुपारी माझ्या शिक्षणातला कण न् कण कामाला लागला होता, आणि असं काम काचेच्या इमारतीत मिळेल याची मला खात्री नव्हती.

आता अण्णा हुबळीला मुलाकडं असतात. दुकान मी बघते. त्यांची तब्येत उत्तम आहे, तपासणी चुकवत नाहीत. पण दुपार झाली, रस्ता ओस पडला की दुकानाचा फोन वाजतो. कधी सांगोल्याकडचा मेंढपाळ बोलत असतो, कधी बहिरी म्हातारी, कधी सासूला घाबरलेली सून. आवाज मी पहिल्याच शब्दाला ओळखते. तरी सगळं नीट ऐकून घेते आणि विचारते, "धंदा काय तुमचा?"

मग तो मेंढपाळ म्हणतो, "मरायचा हुता बाई. लई चालायचा. एका पोरीनं बंद करायला लावला."