हात न लावता केलेली शेव

काम काय करता, असं विचारल्यावर उत्तर ऐकून समोरच्याला हसू यावं, असे धंदे थोडेच. माझा त्यातला. "मी शेवेच्या कारखान्यात मिस्त्री होतो," म्हटलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, "शेवेला मिस्त्री कशाला?" मग मी एक किस्सा सांगतो. त्यातून दुसरा निघतो, दुसऱ्याच्या पाठोपाठ तिसरा. चहा गार होतो, घरातली मंडळी आतून खाकरायला लागतात, तरी माझं संपत नाही. बरं, यातला एकही मी मुद्दाम जमवलेला नाही. मी नुसता तिथे उभा होतो, हातात तेलाची कुप्पी घेऊन!

स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. जळगावात स्टेशनच्या मागे नानांचा कारखाना होता. इथली शेव, पापडी, गाठी रेल्वेच्या फलाटावर, मोटारस्टँडवर, टॉकीजच्या दारात जायची. गाडी पाच मिनिटं थांबते, तेवढ्यात माणसाची भूक भागली पाहिजे, एवढ्यावर सगळा धंदा उभा. चार भट्ट्या, चार कारागीर, पीठ मळणारे दोघे आणि पुडे बांधणाऱ्या सहा बायका. कारागिरांचे मुख्य लोटनआबा, धुळ्याचे, देवपुरातले. बायकांच्या मुख्य गिरजाअक्का, यावलकडच्या. आणि मी, कापसाच्या जिनिंगमधून उचलून आणलेला. कारण नानांनी मुंबईहून शेव पाडायचं मशीन मागवलं होतं.

*

मशीन स्टेशनवरून बैलगाडीत आलं, लाकडी खोक्यात. दारातून जाईना, म्हणून भिंत फोडली. नानांनी हार घातला, नारळ फोडला आणि छोटंसं भाषणही केलं. "हे यंत्र चौघांचं काम एकटं करील. न दमता, न बोलता, न तंबाखू खाता!"

चौघे कारागीर तिथेच उभे होते. तंबाखू मळत.

लोटनआबा पुढे झाले. झाऱ्यावर तळहाताने पीठ घासून शेव पाडण्यात त्यांची तीस वर्षं गेलेली. उजवा तळहात असा झालेला, की त्यावर निखारा ठेवला तर विचारतील, "काय ठेवलं रे?" त्यांनी मशीनला एक फेरी मारली, जाळीच्या भोकात करंगळी घालून पाहिली आणि म्हणाले, "नाना, हाई मशीनले जीभ शे का?"

"यंत्राला कशाला पाहिजे जीभ?"

"मंग मीठ कोन चाखी?"

नानांनी मुंबईहून आलेल्या फिटरकडे पाहिलं. फिटरने माहितीचं पुस्तक काढून पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं. मिठाबद्दल त्यात काही नव्हतं!

*

मशीन सुरू झालं तो दिवस मी मेल्यावरच विसरेन.

ऑइल इंजिन मागच्या खोलीत होतं. तिथून भिंतीतून पट्टा आत यायचा. फिटरने इंजिन चालू केलं, कोणी हात लावू नये म्हणून खोलीला कुलूप घातलं आणि तो पान खायला गेला. इकडे मशीनमधून शेव सुरू झाली, तार काढल्यासारखी सरळ! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कढई भरली. आता थांबवायचं, म्हणून मी पट्टा सरकवायचा दांडा ओढला.

दांडा माझ्या हातात आला. म्हणजे, मशीनपासून सुटून!

शेव येतच राहिली. आबांनी कढई ओढून बाजूला केली. गिरजाअक्कांनी परात लावली. परात भरली. घमेलं लावलं, तेही भरलं. पातेलं, झाकण, सूप, सगळं भरलं. कच्च्या पिठाच्या लांबच लांब दोऱ्या जमिनीवर उतरायला लागल्या, तेव्हा नानांनी डोक्यावरची टोपी काढून खाली धरली.

"अरे मिस्त्री, इंजिन बंद कर!"

"नाना, किल्ली पान खायला गेलीय!"

अखेर फिटर आला. दारातून पाहतो तर मालक टोपी दोन्ही हातांत धरून मशीनपुढे वाकून उभे. त्याला वाटलं, नमस्कार करताहेत. त्यानेही पानाची पिचकारी टाकून मनोभावे केला.

*

मशीन बसल्यावर नानांनी मोठी पाटी रंगवून घेतली: "आमच्या मालास माणसाचा हात लागत नाही." शहरातल्या लोकांना आता स्वच्छता पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

आबांना वाचता येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडून ती पाटी दोनदा वाचून घेतली आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी नाना आले तर भट्ट्या थंड. सगळे कारागीर, सगळ्या बायका बाहेर निंबाखाली रांगेत बसलेल्या. प्रत्येकाचे हात काखेत!

"काय झालं? कोण गेलं?"

"कोनी नही गयं," आबा म्हणाले. "हात लावाना नही, असं लिखेल शे."

"अहो, ते गिऱ्हाइकासाठी आहे!"

"मंग गिऱ्हाईकले बलावा. तोच करी."

पीठ मळायचं बाकी, मिरची कुटायची बाकी, पुडे बांधायचे बाकी. मशीनला यातलं काहीच येत नव्हतं. दुपारची गाडी तोंडावर आलेली. नानांनी थोडा वेळ येरझारा घातल्या आणि पेंटरला परत बोलावलं. नवी पाटी लागली: "आमचे कारागीर हात स्वच्छ धुऊन माल करतात."

मी ती मोठ्याने वाचून दाखवली. सगळे उठले. गिरजाअक्का मात्र बसूनच.

"अक्का, आता काय राहिलं?"

"नाना, साबन कुठं हाये?"

अशा रीतीने कारखान्यात पहिल्यांदा साबण आला. जळगावच्या इतिहासात या संपाची कुठेही नोंद नाही!

*

नानांचे एक मेहुणे मुंबईला कुठल्याशा गिरणीत होते. ते आठ दिवस पाहुणे आले आणि येताना गळ्यात अडकवायचं घड्याळ घेऊन आले. एक पुडा बांधायला बाईला किती वेळ लागतो ते ते मोजणार होते. सकाळपासून ते गिरजाअक्कांच्या पाठीमागे उभे. अक्कांनी कागद घेतला की टिक, सुतळी तोडली की टिक.

तासाभराने अक्कांनी मान वळवली. "भाऊ, तुमी काय करून राह्यले?"

"तुमचं काम मोजतोय."

"दिवसभर?"

"हो. मग?"

"अन् तुमच्या मांगं कोन उभं राह्यते?"

मेहुण्यांनी चक्क मागे वळून पाहिलं!

पण माणूस चिवट. दुसऱ्या दिवशी त्यांनी शोध लावला, की बायका बोलतात म्हणून वेळ जातो. हुकूम निघाला: कामावर बोलायचं नाही. सहाही बायका गप्प बसल्या. कारखान्यात नुसता कढईचा आवाज. संध्याकाळी पुडे मोजले तर रोजच्या निम्मे! मेहुणे चिडले. "मुद्दाम करता तुम्ही हे!"

"नाही हो भाऊ," अक्का अगदी कळवळून म्हणाल्या, "आमचं इंजिन तोंडातच राह्यते!"

*

नवीन कायदा आला होता. इंजिन असेल आणि दहा माणसं कामाला असतील, तर तो कारखाना धरायचा. मग कामाचे तास ठरलेले, पट्ट्याला जाळी, पाण्याची सोय, बायकांना वेगळी खोली, बरंच काही. एक दिवस निरोप आला, की तपासणीचे साहेब स्टेशनवर उतरलेत आणि टांग्यात बसलेत.

नानांनी धावत सहाही बायकांना गच्चीवर पाठवलं. "कोणी विचारलं तर शेजारच्या आहोत, पापड राखायला बसलोय म्हणा!"

साहेब आले. आम्हाला मोजलं. सातच भरलो. वहीत लिहिलं. नानांना घाम फुटलेला, पण चेहऱ्यावर हसू. साहेब निघता निघता म्हणाले, "बघू, शेव कशी आहे." नानांनी मूठभर दिली. ती आमची खानदेशी शेव, लसूण आणि लाल मिरचीची. साहेब कोकणातले. पहिल्या घासालाच डोळ्यांतून पाणी! माठ कुठे ते कळेना, म्हणून ते अंगणात आले आणि गच्चीवरच्या बायकांना हात करून ओरडले, "बाई, पाणी! पाणी द्या कोणी!"

गिरजाअक्का कठड्यावरून वाकल्या.

"दिलं असतं साहेब, पन आज आमी कामावर नाही ना!"

पुढच्या महिन्यात पट्ट्याला जाळी बसली. बायकांची खोलीही झाली.

*

हे सगळं हसण्यावारी गेलं, पण एक दिवस गेलं नाही.

मशीन हळूहळू सुधारलं. फलाटावरच्या लोकांनाही सरळ शेवेची सवय झाली. मग एका दुपारी नानांनी आबांना बोलावलं. मी पट्ट्याला राळ लावत होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"आबा, आता चार कारागीर जास्त होतात. दोघांना कमी करावं लागेल. मला तुमच्यातलं माणूस तोडवत नाही. दोन नावं तुम्हीच सांगा."

आबांनी हातावरचं पीठ झटकलं. मग म्हणाले, "सकायले सांगस."

उरलेले तिघे म्हणजे एक आबांचा भाचा, एकाचं लग्न ठरलेलं आणि एकाला आबांनीच धुळ्याहून हात धरून आणलेलं. बातमी लपते थोडीच? त्या दिवशी कोणी कोणाकडे पाहीना. आबा झाऱ्यावर पीठ घासत राहिले. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचा घाणा खारट झाला. सगळ्यांनी तो मुकाट खाल्ला.

सकाळी आबा माझ्याकडे आले. "मिस्त्री, कागद ले. लिख. ज्याले पीठ मळता येत नही, शेव पाडता येत नही, पुडा बांधता येत नही, असा दोन जन."

मी लिहिलं. मग त्यांनी कानात नावं सांगितली. माझा हात थांबला.

"आबा, लिहू?"

"लिख."

नानांनी सगळ्यांना जमवलं. कागद उघडून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "ज्याला पीठ मळता येत नाही, शेव पाडता येत नाही, पुडा बांधता येत नाही... एक, मिस्त्री."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. स्वतःच्या अक्षरात स्वतःचं नाव लिहिलेला तेवढा मीच! नाना पुढे वाचेनात. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"नाना, दुसरं वाचा की," गिरजाअक्का म्हणाल्या.

"दोन," नाना म्हणाले, "नाना."

नानांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली. मला वाटलं, आता आग लागणार. पण नाना जरा पडलेल्या आवाजात म्हणाले, "मला काढलंत आबा, तर तुमच्यावर ओरडायला कोण राहील?"

आबांनी विचार केला. "वरडानं बी मशीन उनं व्हई मुंबईले!"

पहिल्यांदा नाना हसले. मग सगळे हसले. ज्याचं लग्न ठरलं होतं तो मात्र कोपऱ्यात जाऊन तोंड धुऊन आला.

त्या वर्षी कोणी गेलं नाही. नानांनी यावलकडून कच्ची केळी आणून वेफर सुरू केले आणि दोघांना तिकडे बसवलं. वेफर कापायच्या मशीनचं नाव बरीच वर्षं कोणी काढलं नाही.

*

पुढे दुसरं मोठं मशीन आलं. हे म्हणे कढईवर आपोआप गोल फिरून शेवेचं वेटोळं घालायचं. मशीनच्या कंपनीचे साहेब मुंबईहून फोटोग्राफर घेऊन आले. त्यांना कॅलेंडर छापायचं होतं. वर मशीनचा फोटो, खाली अक्षरं: "माणसाशिवाय चालणारे यंत्र."

सगळ्यांना बाहेर काढलं. फक्त मी आणि आबा आत. मशीन सुरू केलं. ते अर्धी फेरी फिरलं आणि अडकलं. परत केलं, परत अडकलं. फोटोग्राफर कॅमेऱ्याच्या काळ्या कपड्याखालून डोकं बाहेर काढून बसलेला. साहेब घामाघूम.

आबा मशीनच्या मागे गेले, उकिडवे बसले आणि तळहाताने त्याला मागून ढकललं. मशीन झोकात फिरायला लागलं.

"वा! असंच धरा!" साहेब ओरडले.

"आबा, डोकं दिसतंय," फोटोग्राफर म्हणाला. "खाली. आणखी खाली. आता कोपर दिसतंय. पागोटं काढा."

भट्टीच्या धगीत आबा तसेच बसून मशीन फिरवत राहिले. फोटो निघाला. आबा उठले तेव्हा चेहरा तांब्यासारखा लाल. त्यांनी विचारलं, "उना का फोटू?"

"आला, फर्स्ट क्लास आला!" साहेब म्हणाले. "माणूस कुठेच नाही!"

कॅलेंडर छापून आलं तेव्हा आबांनी नानांकडून एक मागून घेतलं.

दोनेक वर्षांनी आबांच्या मुलीचं लग्न ठरलं, म्हणून मी देवपूरला गेलो. पुढच्या खोलीत तोच फोटो, तारखांचे कागद काढून, काच लावून टांगलेला. नवे व्याही बसले होते, खेड्यातले शेतकरी, नवं धोतर, नव्या ओळखीचा संकोच. आबांनी त्यांना हाताला धरून फोटोपुढे नेलं.

"याही, हाऊ मन्हा फोटू शे."

व्याह्यांनी खिशातून चष्मा काढला. वरून खाली पाहिलं. खालून वर पाहिलं. डावीकडून, उजवीकडून पाहिलं. सोयरीक नुकतीच जुळलेली. त्यांनी चष्मा काढून त्याची घडी केली आणि म्हणाले,

"भारी उना शे, याही. जसा शेतस, तसाच उनात तुम्ही!"